बातमी गाणारे लॉर्ड

1971च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात सुनील गावस्करांनी चार कसोटींत 774 धावा कुटल्या आणि भारताने मालिका जिंकली. त्यावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने चक्क गावस्करांवरच कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या धाटणीचं गाणं, रचला. आपल्याला हरवून गेलेल्या पाहुण्याचं असं कौतुक पाहून नवल वाटेल. पण कॅलिप्सोचा खाक्याच तो. गावात आज ज्याची चर्चा, ते आजच यमकात बसवायचं. मग ती हार असो, मंत्र्याची भानगड असो की वाढलेलं भाडं.

गुलामगिरीच्या काळातल्या आफ्रिकी गाण्यांतून आणि कार्निव्हलच्या मिरवणुकांतून हा प्रकार वाढला. कार्निव्हलच्या हंगामात गायक ‘टेंट’मध्ये, म्हणजे तिकीट लावलेल्या मैफलीत, नवी गाणी मांडतात. ‘एक्स्टेंपो’त विषय ऐन वेळी मिळतो आणि प्रतिस्पर्ध्याला तिथल्या तिथे शालजोडीतले हाणायचे असतात, आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबाचा हा सख्खा भाऊ. गायकांची टोपणनावंही तोऱ्याची: अटिला द हन, रोअरिंग लायन, लॉर्ड बिगिनर. ब्रिटिश राजवटीत राहून लॉर्ड म्हणवून घेणं हीच मुळात एक थट्टा होती.

त्यातला लॉर्ड किचनर, म्हणजे आल्डविन रॉबर्ट्स, 1948च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ बोटीने इंग्लंडला पोहोचला. कर्झनशी भांडलेल्या सेनापतीचं नाव मिरवणाऱ्या या तरुणाने टिलबरी बंदरात वृत्तपटाच्या कॅमेऱ्यासमोर, साथीला एकही वाद्य नसताना, ‘लंडन इज द प्लेस फॉर मी’ गायलं. बोटीवर लॉर्ड बिगिनरही होता. 1950मध्ये वेस्ट इंडिजने लॉर्ड्सवर इंग्लंडला 326 धावांनी हरवलं, तेव्हा रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीला बिगिनरच्या गाण्याने अजरामर केलं. त्यातला सनी रामाधीन त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातला.

पुढे लंडनचं कौतुक ओसरलं. किचनरच्या गाण्यांत खडूस घरमालकीण आली, भुयारी रेल्वेतला गोंधळ आला. 1958मध्ये नॉटिंग हिलमध्ये वर्णद्वेषी दंगली झाल्या; त्याला उत्तर म्हणून पुढच्याच जानेवारीत पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. किचनर 1962मध्ये त्रिनिदादला परतला आणि 1963च्या कार्निव्हलमध्ये रस्त्यावर सर्वाधिक वाजलेलं गाणं त्याचंच ठरलं.

1970च्या दशकात लॉर्ड शॉर्टीने कॅलिप्सोत ढोलकाचा ठेका मिसळून ‘सोका’ घडवला. पाय थिरकू लागले, गोष्ट मात्र मागे पडली. आज मिरवणुकीतल्या ट्रकवरच्या स्पीकरांतून सोका दणाणतो. शब्द ऐकायचे तर टेंटमध्येच बसावं लागतं. लंडनमधला टेंट नॉटिंग हिलच्या ‘टॅबरनॅकल’ या जुन्या चर्चच्या इमारतीत, ऑगस्टच्या कार्निव्हलआधी भरत आला आहे. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कॅलिप्सो रोझने 2016मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, ‘फार फ्रॉम होम’ हा अल्बम काढला आणि फ्रान्समध्ये तो उचलून धरला गेला.

परदेशातल्या कॅलिप्सोला गावाकडच्या आठवणींचा मोह सहज पडतो, श्रोतेही त्यावर खूश असतात. पण आठवणींवर कोणी चिडत नाही, आणि कोणीच चिडणार नसेल तर तो कॅलिप्सो कसला? लंडनमधला टोमणा लंडनच्याच घरमालकाला, पोलिसाला, मंत्र्याला झोंबला पाहिजे. किचनरने घरमालकिणीवर गाणं रचलं तेव्हा त्याला हे पुरतं कळलं होतं.