हिजाजची काळी जमीन आणि आकाशातली मोजपट्टी

हज किंवा उमऱ्याहून परतलेल्या माणसाला मदीना शरीफबद्दल विचारले की मस्जिदे नबवी, उहुदचा डोंगर, खजुराच्या बागा, अजवा यांच्याबद्दल तो तासभर बोलतो. शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पसरलेल्या काळ्या खडकाळ मैदानांचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. बसच्या खिडकीतून ती दिसतात, पण तिकडे लक्ष कोणाचे असणार! अरबीत अशा जमिनीला 'हर्रा' किंवा 'लाबा' म्हणतात. मदीनेच्या हरमची हद्द सांगणाऱ्या हदीसमध्ये ज्या दोन 'लाबां'चा उल्लेख आहे, त्या ह्याच. हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाणही त्याच जातीचा, बेसॉल्ट. फरक वयाचा आहे. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मदीनेजवळचा सगळ्यात ताजा लाव्हा इसवी सन १२५६ चा, म्हणजे हिजरी ६५४ चा.

त्या वर्षी जमादिउल आखिर महिन्यात मदीनेत आधी काही दिवस भूकंपाचे धक्के बसले. मग शहराच्या आग्नेयेला जमीन फाटली आणि आग बाहेर पडली. सुमारे ५२ दिवस लाव्हा वाहत होता. त्याचा ओघ २३ किलोमीटर लांब पसरला आणि शहराच्या अलीकडे काही किलोमीटरवर थांबला. मदीनेहून दमिश्कला गेलेल्या पत्रांत ही हकीकत होती आणि तिथले इतिहासकार अबू शामा यांनी ती लिहून ठेवली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हिजाजमधून निघणाऱ्या आगीची हदीस आहे. इमाम नववी त्याच काळातले, त्यांनी ती या घटनेशी जोडली आहे.

इतके जुने प्रकरण आज काढायचे कारण असे की २००९ मध्ये त्याच हिजाजमध्ये जमीन पुन्हा हलली.

मदीनेपासून साधारण २०० किलोमीटर वायव्येला, तांबड्या समुद्राच्या बाजूला, हर्रत लुनय्यिर नावाचे लाव्ह्याचे पठार आहे. त्याच्याजवळच्या वस्तीचे नाव अल-ईस. हा भाग भूकंपाचा समजला जात नव्हता. पण एप्रिल २००९ पासून तिथे धक्के सुरू झाले, आणि जूनपर्यंत यंत्रांवर ३०,००० हून जास्त धक्क्यांची नोंद झाली. बहुतेक माणसाला जाणवणारही नाहीत इतके लहान. १९ मे रोजी मात्र ५.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि वाळवंटात भेग पडली. ती वाढत वाढत ८ किलोमीटर लांब झाली. सौदी सरकारने त्या भागातून ४०,००० हून अधिक लोकांना हलवले.

आता सरकारपुढचा प्रश्न पाहा. चाळीस हजार माणसे घरेदारे सोडून आली आहेत. त्यांना किती दिवस बाहेर ठेवायचे? परत पाठवावे आणि दुसऱ्या दिवशी लाव्हा फुटला तर? आणि खाली काहीच नसेल, साधा भूकंपच असेल, तर इतक्या कुटुंबांना विनाकारण ताटकळत का ठेवायचे? जमिनीखाली डोकावता येत नाही. भूकंपमापक यंत्रे धक्का कुठे बसला ते सांगतात, पण कशाने बसला ते त्यांच्यावरून लगेच ठरत नाही. इथेच उपग्रहावरच्या रडारचा उपयोग झाला.

रडार म्हणजे रेडिओलहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग आडवे आले की त्याचे काम थांबते. रडारला रात्र काय आणि ढग काय, सारखेच. तेव्हा युरोपचा एन्व्हिसॅट हा उपग्रह सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. त्याची लहर ५.६ सेंटिमीटर लांबीची. मग ८०० किलोमीटरवरून जमीन चार बोटे सरकलेली त्याला कळते कशी?

विद्यार्थ्यांना हे सांगताना मी भागाकार काढते. समजा, शिंप्याच्या टेपने लांब भिंत मोजायची आहे. टेप किती वेळा पूर्ण लागली हे आपण विसरलो, पण शेवटी उरलेला तुकडा किती ते नेमके लक्षात आहे. म्हणजे भागाकार माहीत नाही, बाकी माहीत आहे. एवढ्यावरून भिंतीची लांबी सांगता येणार नाही. पण महिन्याने त्याच जागेवरून, त्याच टेपने पुन्हा मोजले आणि बाकी दोन सेंटिमीटरने कमी आली, तर भिंत दोन सेंटिमीटर जवळ आली हे कळते. रडार हेच करते. परत आलेल्या लहरीचा शेवटचा अपुरा तुकडा ते नोंदवते. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला लहरीची 'कला' म्हणतात. उपग्रह पुन्हा त्याच वाटेने आला की त्याच जागेची दुसरी नोंद होते. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली की जमीन उपग्रहाच्या जवळ आली की लांब गेली, ते निघते. लहर जाते आणि परत येते, त्यामुळे जमीन अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे २.८ सेंटिमीटर सरकली की बाकीचे एक पूर्ण चक्र होते.

ही वजाबाकी रंगांत छापतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पेट्रोल सांडले की जशी रंगीत वलये दिसतात, तशी वलये नकाशावर येतात. एक वलय म्हणजे २.८ सेंटिमीटर. दहा वलये मोजली की २८ सेंटिमीटर हालचाल. या पद्धतीला 'इन्सार' म्हणतात. फ्रान्सच्या दिदिए मासोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपाचा असा नकाशा छापला, तेव्हा त्याची ताकद जगाला कळली.

अडचणीही आहेत. हवेतल्या बाफेमुळे लहरीला किंचित उशीर होतो आणि जमीन सरकल्याचा भास होतो. दाट झाडी असेल तर पाने हलतात, वाढतात, गळतात, आणि आधीची बाकी नंतरच्या बाकीशी जुळत नाही. आपल्या कोकणात एन्व्हिसॅटसारख्या आखूड लहरीचा पुरता गोंधळ होतो. हिजाजच्या उघड्या काळ्या खडकावर मात्र गवताची काडी नाही. तिथे चित्र लख्ख येते.

लुनय्यिरचे चित्रही तसेच आले. भेगेच्या दोन्ही बाजूंना वलयांचे दोन मोठे पुंजके, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि मधली पट्टी खाली बसलेली. जाणकारांना ही खूण ओळखीची होती. खालून तापलेला शिलारस उभ्या फटीत घुसला की तो दोन्ही बाजूंना ढकलतो, आणि वरचा मधला भाग आधार सुटल्यासारखा खचतो. अशा उभ्या पातळ थराला 'डाइक' म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या सरळ भिंती निघालेल्या दिसतात ना, कोणी बांधल्यासारख्या? ते जुने डाइकच आहेत, वरचा खडक झिजून उघडे पडलेले.

वलये किती दाट आणि किती पसरट आहेत यावरून खोलीचा हिशेब निघतो. पांघरुणाखाली हात वर असेल तर उंचवटा टोकदार दिसतो, खोल असेल तर पसरट, तसेच हे. सौदी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: डाइक सुमारे १० किलोमीटर लांब, आणि त्याचे वरचे टोक जमिनीपासून २ किलोमीटरच्या आत आलेले. म्हणजे हा नुसता भूकंप नव्हता. शिलारस खरोखर वर आला होता आणि वाटेतच थांबला. धक्के कमी होत गेले, जमिनीची हालचाल थंडावली, आणि लोकांना घरी जाऊ देण्यात आले. लाव्हा बाहेर आलाच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सगळे श्रेय उपग्रहाला देणे बरोबर नाही. एन्व्हिसॅट एका जागेवर त्याच वाटेने ३५ दिवसांनी परत यायचा. रोजची, तासातासाची खबर देण्याचे काम जमिनीवरच्या भूकंपमापकांनीच केले. रडारने त्या खबरेचा अर्थ लावून दिला.

हे सगळे होते कशामुळे? अरबस्तान आफ्रिकेपासून दूर सरकत आहे. तांबडा समुद्र म्हणजे त्या दोघांमधली फट, वर्षाला साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंदावणारी. ही फट दक्षिणेकडे जिथे जमिनीवर येते, तो प्रदेश म्हणजे इथिओपियातला अफार. इथिओपिया म्हणजे आपल्या ओळखीचे हबश, पहिल्या हिजरतचे. अफार लोक मुसलमान, उंट-शेळ्या पाळणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या मिठाचा व्यापार करणारे. त्यांच्या प्रदेशाचा काही भाग समुद्रसपाटीपेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली आहे.

सप्टेंबर २००५ मध्ये तिथे लुनय्यिरच्या कितीतरी पट मोठी घटना घडली. दब्बाहू ज्वालामुखीच्या परिसरात धक्क्यांची रांग लागली आणि २६ सप्टेंबरला दाउरे येथे राखेचा छोटा उद्रेक झाला. एन्व्हिसॅटच्या नोंदी जुळवल्यावर अदिस अबाबा विद्यापीठ आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांना दिसले की सुमारे ६० किलोमीटर लांबीची जमीन उभी चिरली आहे, आणि काही ठिकाणी दोन्ही बाजू ८ मीटरपर्यंत लांब गेल्या आहेत. फटीजवळ तर वलये इतकी दाट झाली की मोजताच येईनात. तिथे वलयांचा नाद सोडून, आधीच्या आणि नंतरच्या रडारचित्रांतला एकेक ठिपका किती सरकला ते जुळवावे लागले. शेजारचे दब्बाहू आणि गाब्हो हे ज्वालामुखी मात्र खाली बसले होते, कारण त्यांच्या पोटातला शिलारस फटीत ओतला गेला होता. २०१० पर्यंत त्याच पट्ट्यात एकामागून एक असे १४ डाइक घुसले. लाव्हा जमिनीवर आला तो त्यांतल्या मोजक्याच वेळी.

तेव्हा वर्तमानपत्रांनी 'आफ्रिका फाटली, नवा महासागर जन्मला' अशा बातम्या दिल्या. हिशेब साधा आहे. वर्षाला दीड-पावणेदोन सेंटिमीटर धरले तर ८ मीटर म्हणजे पाचेकशे वर्षांचा साचलेला ताण. तो काही दिवसांत मोकळा झाला, यात नवल नक्कीच आहे. पण समुद्र आत यायला अजून लाखो वर्षे आहेत. मदीनेबद्दलही 'ज्वालामुखी फुटणार' असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतात. पुढे पाठवण्याआधी निदान एवढे विचारावे की हे कोणत्या मोजणीवरून ठरवले?

अफारची राख आपल्यापर्यंतही आली. २३ नोव्हेंबर २०२५ ला तिथला हैली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राखेचा ढग तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून भारतावर आला आणि काही विमानफेऱ्या रद्द झाल्या. त्यांत जेद्दाच्या फेऱ्याही होत्या.

मोजणी आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या नोंदी कोणालाही फुकट मिळतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून 'निसार' सुटला. तो इस्रो आणि नासाचा जोडउपग्रह, छत्रीसारखा उघडणारा १२ मीटरचा अँटेना घेऊन फिरणारा. त्याच्यावर दोन रडारे आहेत. नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, पानांमधून वाट काढून खालच्या जमिनीपर्यंत जाणारी. त्यामुळे एन्व्हिसॅटला जिथे काही दिसले नसते, त्या झाडीच्या डोंगरांचेही मोजमाप घेता येते. दर १२ दिवसांनी तो त्याच वाटेवर परत येतो, हिजाजवर, अफारवर आणि आपल्या सह्याद्रीवरही.