साप जेवत नाही, तेव्हा काय समजावे?

नागपंचमी जवळ आली की नागापुढे दुधाची वाटी ठेवण्याचा विषय निघतोच. दुसरीकडे शहरांमधून बॉल पायथनसारखे परदेशी साप काचेच्या पेटीत पाळण्याची हौस वाढली आहे. एकीकडे श्रद्धा, दुसरीकडे छंद. पण चूक दोन्हीकडे एकच होते. सापाची भूक आपल्यासारखीच असते, असे गृहीत धरले जाते. तीन आठवडे तोंडात काही घेतले नाही म्हणून घाबरून त्याला बळेच भरवले जाते आणि धडधाकट साप त्यानेच आजारी पडतो.

आपण खातो त्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. सापाला हा खर्च नाही. तो ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून, जमिनीतून घेतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत त्याला जेमतेम दहावा हिस्सा ऊर्जा पुरते. बॉल पायथनच्या पिलाला आठवड्यातून एक उंदीर पुरतो, तर पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा भक्ष्य दिले तरी चालते. भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वात जाड भागापेक्षा जाड नसावे, हा साधा नियम.

खाल्ल्यावर मात्र सापाच्या शरीरात मोठी उलथापालथ होते. बर्मी अजगरावरील प्रयोगांत मोठे भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आतडे जाड होते, चयापचय कित्येक पटींनी वाढतो आणि पचन संपले की सारे पूर्ववत होते. या सगळ्याला उष्णता लागते. ती मिळाली नाही तर पोटातले भक्ष्य पचण्याऐवजी सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून खाल्ल्यावर निदान दोन दिवस त्याला हाताळू नये.

नकार कशाचा?

बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. त्याच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, तर दुसरी २५-२६ अंशांच्या आसपास लागते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी पेटीत उबेची सोय नसेल, तर सापाने खाणे थांबवणे हा रुसवा नव्हे, शहाणपणा आहे. म्हणून आधी तापमापक बघावा, मग सापाकडे.

दुसरे कारण कात. डोळे दुधाळ-निळसर दिसू लागले, अंगाचा रंग फिका पडला, की कात टाकण्याची वेळ जवळ आली. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो लपून राहतो आणि बहुधा खात नाही. तिसरे कारण भीती. अंगाचे वेटोळे करून डोके आत दडवणे, फुत्कारणे, काचेवर धडका देणे ही असुरक्षिततेची लक्षणे आहेत. लपायला जागा नसलेला साप खाण्याचा विचारच करत नाही. उलट सावकाश फिरणे आणि जीभ वरचेवर बाहेर काढणे हे कुतूहलाचे लक्षण. दुभंगलेल्या जिभेने तो हवेतले गंधकण टिपून टाळूतल्या विशेष इंद्रियापर्यंत पोहोचवतो. म्हणजे जीभ काढणे ही धमकी नसून वास घेणे आहे.

निरोगी, पूर्ण वाढलेला बॉल पायथन कधी कधी काही महिने उपाशी राहतो. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा दर आठवड्याला वजन करावे. वजन सतत घटत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तोंडातून फेस येत असेल, तर पशुवैद्यकांकडे न्यावे. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. भुकेला नसलेल्या सापाला तोच कुरतडतो.

दुधाचे काय?

साप दूध पीत नाही. पिलांना दूध पाजणारा हा प्राणीच नव्हे आणि त्याच्या पचनसंस्थेत दूध पचवण्याची सोयही नाही. बरेच दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो, इतकेच. ते दूध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाचा संसर्ग होऊन तो दगावू शकतो. बत्तीस शिराळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंदी आली, त्यामागे सापांचे हे हालही होते. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेतली सर्पशाळा तर विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना सापांची शास्त्रीय ओळख करून देण्यासाठीच ओळखली जाते.

आपल्याकडच्या प्रत्येक सापाचे खाणेही वेगळे. धामण उसाच्या फडातले उंदीर खाते, दिवड मासे आणि बेडूक, कवड्या पाली, मण्यार चक्क दुसरे साप, तर गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी. बरणीत ठेवून हा आहार कोण पुरवणार? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, धामण यांसारखे आपले साप पकडून पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

घरातल्यांसाठी एक सूचना महत्त्वाची. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्याला हाताळू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पेटी किंवा पाण्याचे भांडे स्वयंपाकघरात धुऊ नये.

घरात किंवा अंगणात साप निघाला तर त्याला खायला घालण्याच्या किंवा पकडण्याच्या भानगडीत पडू नये. लांबून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याला आपल्या दुधाची गरज नाही. उंदीर, बेडूक आणि लपायला जागा असलेले शेत त्याला पुरेसे आहे.