धुरावर चालणारा भाता

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांत आष्टी हें गांव आहे. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, तूर आणि सोयाबीन यांना जी माती माउलीसारखी पोसते, तीच पावसाळ्यांत गाडीच्या चाकाचें वैर धरते. तिच्यांत चिकणमातीचा अंश फार असल्यामुळें पाणी मिळतांच ती फुगते, मऊ होते व चाकाला लपेटून बसते. टायरावरील खांचा भरून जातात, चाक गुळगुळीत होतें आणि जागच्या जागीं गरगर फिरून स्वतःपुरता खड्डा खणतें. उन्हाळ्यांत त्याच जमिनीला भेगा पडतात आणि शेतरस्त्यावरून गाडी गेली कीं पिठासारखी बारीक धूळ उठते. जुलैमधील चिखल आणि मे महिन्यांतील चाळीस अंशांवर चढणारी हवा, या दोन परीक्षकांपुढें मोटारीच्या जाहिरातींतील आकड्यांची फारशी मातब्बरी राहत नाहीं.

अशा भागासाठीं चारहि चाकांना जोर पोंचविणारी गाडी महाराष्ट्राला नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली जीप युद्धानंतर कांहीं वर्षांतच मुंबईंत जोडली जाऊं लागली आणि महिंद्र हें नांव खेडोपाडीं पोंचलें. त्याच घराण्यांतील 'थार' ही गाडी २०१० सालीं निघाली. तिची दुसरी आवृत्ति २०२० च्या ऑक्टोबर महिन्यांत बाजारांत आली. ही गाडी नाशिकच्या कारखान्यांत तयार होते. तिचें दोन लिटरचें पेट्रोल इंजिन सुमारें १५० अश्वशक्तीचें आणि २.२ लिटरचें डिझेल इंजिन सुमारें १३० अश्वशक्तीचें आहे. पुण्याजवळच्या आकुर्डी येथील फोर्स मोटर्सची 'गुरखा' ही याच जातीची दुसरी गाडी. या सर्व इंजिनांना टर्बोचार्जर नांवाचें उपकरण जोडलेलें असतें. पुष्कळ मालकांना मात्र कारखान्यानें दिलेली शक्ति अपुरी वाटते. त्यांच्यासाठीं मोठे टर्बोचार्जर, मोठे इंटरकूलर, रुंद धूरनळ्या, वेगळ्या गाळण्या असे नाना प्रकारचे भाग बाजारांत येतात. हे भाग कसे तयार होतात व त्यांतील चांगला कोणता हें ओळखावयाचें, तर प्रथम या उपकरणाचें मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे.

चुलींतील निखारे मंद झाले म्हणजे गृहिणी फुंकणी हातांत घेते. लोहार भाता ओढतो. दोघांचाहि हेतु एकच, जळणाला अधिक हवा देणें. इंजिनाचेंहि तसेंच आहे. किती इंधन जाळतां येईल हें नळकांड्यांत किती हवा शिरते यावर ठरतें. साध्या इंजिनांत वातावरणाच्या दाबानें जेवढी हवा आंत जाईल तेवढीच जाते. दुसरीकडे, जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट बाहेर पडतो. या वायां जाणाऱ्या धुराच्या लोटावर एक पातीचें चाक फिरवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक बसवावें आणि त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचें पेटंट त्यांनीं १९०५ सालीं मिळविलें. टर्बोचार्जर म्हणजे धुरावर चालणारा भाता होय. मोटारींतील टर्बोचार्जरचीं चाकें मुठींत मावतील एवढीं असतात, परंतु भरांत आलीं कीं मिनिटाला लाखावर फेरे घेतात.

या भात्याची किमया १९१८ सालीं अमेरिकेंत एका डोंगरावर दिसून आली. सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरानें 'लिबर्टी' जातीचें विमानाचें इंजिन कोलोराडोमधील पाइक्स शिखरावर, चवदा हजार फुटांवर नेलें. खालीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन वरच्या विरळ हवेंत सुमारें २३० वर आलें. टर्बोचार्जर जोडतांच त्याची शक्ति पुन्हां साडेतीनशेंच्या घरांत गेली. हवा दिली कीं शक्ति परत येते, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मग भाता जितका मोठा तितकी गाडी चांगली असें कां म्हणूं नये? त्याचें पहिलें कारण उष्णता. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें हा अनुभव घरोघरचा आहे. दाबलेली हवा तापते. मे महिन्यांतील दुपारीं बाहेर चाळीस अंश उष्णमान आहे आणि टर्बोचार्जर ती हवा दुप्पट दाबानें भरीत आहे असें समजूं. चांगल्या बनावटीच्या यंत्रांतहि ती हवा सुमारें १४० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळें दाब दुप्पट झाला तरी हवेचें प्रमाण दुप्पट होत नाहीं, दीडपटच होतें. हीच हवा इंजिनांत शिरण्यापूर्वीं साठ अंशांपर्यंत निवविली, तर तें प्रमाण जवळजवळ १.९ पट होतें. हें निवविण्याचें काम करणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. गाडीच्या तोंडाशीं ती बसविलेली असते आणि धांवत्या गाडीला लागणारा वारा तिला थंड ठेवतो.

दुसरें कारण काळाचें. मोठ्या टर्बोचार्जरचें चाक जड असतें; त्याला वेग यावयास वेळ लागतो. पायाखालचें पेडल दाबल्यावर क्षणभर कांहींच घडत नाहीं आणि नंतर एकदम जोर येतो. डांबरी रस्त्यावर यांत गंमत वाटेल. आष्टीच्या चिखलांत मात्र हीच खोड घातक ठरते. तेथें चाक हळूहळू, एकसारख्या जोरानें फिरलें तरच मातीला धरून राहतें. एकदम आलेला जोर चाकाला फिरकी देतो आणि गाडी आणखी रुततें स्थान शोधते. आडवाटेच्या गाडीला सर्वांत मोठी शक्ति किती, यापेक्षां ती शक्ति कोणत्या वेगाला व किती संथपणें मिळते याला अधिक महत्त्व आहे. मोठा टर्बोचार्जर बसवून गाडीची अश्वशक्ति कागदावर वाढते, पण ज्या कामासाठीं ती घेतली त्याच कामाला ती नालायक होण्याचा संभव असतो.

हीच विवेकदृष्टि ठेवून एखादा भाग कसा घडवितात हें इंटरकूलरच्या उदाहरणानें पाहूं. चांगला कारागीर पत्रा कापण्यापूर्वीं मोजमाप करतो. गाडी रुळांवर उभी करून, म्हणजे डायनॅमोमीटरवर, मूळच्या स्थितींतील तिची शक्ति तो तीन-चार वेळां मोजतो. जाळीच्या आधीं व नंतर हवेचें उष्णमान किती, दाब किती, रेडिएटरमधील पाणी किती तापलें, धूर कसा आहे, हें सर्व टिपून ठेवतो. या पहिल्या नोंदीशिवाय पुढील सुधारणा ही केवळ समजूत ठरते. गाडीचा आवाज बदलला म्हणजे मालकाला ती वेगानें पळते असें वाटतें. यंत्राला मात्र असें कांहीं वाटत नाहीं.

यानंतर आराखडा. जाळी जाड केली तर ती अधिक उष्णता शोषते, परंतु तिच्या मागेंच रेडिएटर असतो. जाड जाळींतून वारा नीट गेला नाहीं तर इंजिनांतील पाणी उकळूं लागतें. आंतील वाटा फार अरुंद केल्या तर हवा थंड होते खरी, पण तिचा दाब तेथेंच खर्ची पडतो. जाळी फार मोठी केली तर ती हवेनें भरावयासच वेळ लागतो आणि वर सांगितलेला विलंब वाढतो. शिवाय चिखलांत गाडी ताशीं पांच-सात किलोमीटरच चालते. तेव्हां वारा नसतो, सारा भार पंख्यावर असतो. म्हणून हमरस्त्यावर उत्तम ठरलेली जाळी शेतरस्त्यावर निष्फळ ठरूं शकते.

आराखड्याबरहुकूम पुठ्ठ्याचा नमुना करून तो गाडींत बसतो कीं नाहीं हें पाहतात व मग ॲल्युमिनियमची जाळी जोडतात. ती पाण्याच्या टांकींत बुडवून आंत हवा भरतात. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर काढतांना जसे बुडबुडे शोधतात तसे येथेंहि शोधतात. यापुढची परीक्षा कंपाची. खडबडीत वाटेवर गाडी तासन्‌ तास थरथरत असते. ॲल्युमिनियमला लहान लहान धक्केहि दीर्घकाळ बसले तर जोडाजवळ बारीक तडा जातो. जाळी सांगाड्याला घट्ट आवळून टाकली कीं हा तडा लवकर येतो. रबराची गादी देऊन बसविली तर ती टिकते. शेवटीं पुन्हां रुळांवर तेंच मोजमाप, त्याच इंधनावर व शक्य तितक्या त्याच हवेंत करावयाचें. एका वेळीं एकच भाग बदलावयाचा हा नियम मोडला, तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं.

धुळीची गोष्टहि क्षुल्लक समजूं नये. लाखावर फेरे घेणाऱ्या चाकाच्या पातीवर आदळणारा वाळूचा कण हा कण राहत नाहीं, तो छिन्नीचें काम करतो. हवा अधिक मोकळेपणानें यावी म्हणून विरळ गाळणी बसविली व तिची कड नीट बसली नाहीं, तर धूळ थेट नळकांड्यांत जाते आणि इंजिन अल्पावधींत झिजतें. काळ्या मातीच्या मुलुखांत थोड्या शक्तीसाठीं गाळणीशीं खेळणें हा तोट्याचा सौदा होय.

सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत मोहक उपाय इंजिनाचें नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकांतील आकडे बदलण्याचा. लोखंडाला हात न लावतां इंधन व हवेचा दाब वाढवितां येतो. परंतु कारखान्यानें तेथें जी कसर ठेवलेली असते ती अज्ञानानें नव्हे. हलकें इंधन, कडक ऊन, धुळीनें तुंबलेली गाळणी, चढावरचा भार, या सर्व गोष्टी एकाच दिवशीं आल्या तरी इंजिन वांचावें म्हणून ती ठेवलेली असते. काटकसरी गृहिणीनें अडल्या वेळेसाठीं बाजूला ठेवलेली पुरचुंडीच ती. ती आजच उधळली तर गाडी आज जोरांत चालेल. अडली वेळ आली कीं पेट्रोल इंजिनांत ठोके पडतील, डिझेल इंजिन काळा धूर ओकूं लागेल आणि टर्बोचार्जर प्रमाणाबाहेर तापेल.

शक्ति वाढविणें अशक्य आहे असा याचा अर्थ नाहीं. 'गुरखा' गाडीचें २,५९६ घनसेंटिमीटरचें इंजिन २०२१ सालच्या आवृत्तींत सुमारें ९० अश्वशक्ति देत असे. २०२४ सालीं तेवढ्याच आकाराच्या इंजिनांतून सुमारें १४० अश्वशक्ति मिळूं लागली. तिची पिळण्याची शक्ति २५० वरून ३२० न्यूटन-मीटर झाली आणि ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं ती १,४०० फेऱ्यांपासूनच, म्हणजे चिखलांत उपयोगी पडेल अशा मंद गतीला, मिळते. परंतु अशा बदलामागें प्रयोगशाळा, दीर्घकाळच्या चाचण्या आणि क्लच, गिअर, ब्रेक यांचा एकत्र विचार असावा लागतो. सांखळीची एकच कडी जाड केली तर ताण नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या कडीवर जातो.

कायद्याचें बंधनहि येथेंच येतें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे 'भारत स्टेज सहा' हे नियम लागू झाले. डिझेलची काजळी अडविणारी गाळणी काढून टाकणें म्हणजे स्वतःच्या चार अश्वशक्तींसाठीं शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत काजळी भरणें होय. गोव्यांत २०१४ पासून पावसाळ्यांत भरणाऱ्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' स्पर्धेंतील गाड्या पाहून पुष्कळांना हुरूप येतो. परंतु स्पर्धेचें रान वेगळें आणि मुलांना शाळेंत पोंचविणारी गाडी वेगळी.

मराठवाड्यांत कौशल्याची वाण नाहीं. जालन्यांत पोलादाच्या सळ्या निघतात. छत्रपति संभाजीनगरजवळच्या वाळूज येथें वाहनांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर तयार होतात. लेथ आहे, जोडकाम करणारे कसबी हात आहेत आणि कसोटीसाठीं आष्टीसारख्या गांवची जमीन बाहेर पडतांच पायाखालीं आहे. जोड हवी ती नोंदवहीची. जो कारागीर भाग विकतांना किती शक्ति वाढली हें सांगेल, पण त्याबरोबर पाणी किती तापलें, दाब किती घटला आणि किती तासांनंतर जोड तपासला हेंहि लिहून देईल, त्याचाच भाग घ्यावा. असा भाग बसविलेली गाडी शर्यतींत कदाचित्‌ मागें राहील. परंतु जुलैच्या एखाद्या रात्रीं आजारी माणसाला घेऊन शेतावरून निघाली, तर ती सडकेला लागेल.