काचटाकीसाठी हीटर निवडताना : झाशीच्या थंडीत गप्पी माशांचा सांभाळ

बुंदेलखंडातील हवामान टोकाचे आहे. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि जानेवारीतील काही रात्री तो ५-६ अंशांपर्यंत उतरतो. या थंडीचा गव्हाला लाभ होतो. मात्र घरातील लहान काचटाकीत जपलेल्या गप्पी माशांना ती सोसवत नाही. निफाड, खान्देश आणि पूर्व विदर्भातील थंडीच्या लाटांतही हाच अनुभव येतो.

गप्पी माशांचे महत्त्व केवळ शोभेपुरते नाही. पाण्याचे हौद, सिमेंटच्या टाक्या व कारंज्यांतील डासांच्या अळ्या ते खातात, म्हणून आरोग्य विभागाच्या मोहिमांतून त्यांचे वाटप होते. दुसरीकडे, २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश आहे. दोन्ही कामांसाठी पावसाळ्याच्या तोंडावर निरोगी प्रजननक्षम मासे हाताशी असावे लागतात. एडिस डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. डासाला हिवाळा काढण्यासाठी कोणाच्या मदतीची गरज नसते. गप्पीला मात्र ती असते.

हीटर खरोखर लागतो का?

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान घटले की त्याचे पचन, हालचाल व प्रजनन मंदावते आणि रोगप्रतिकारशक्तीही कमी होते. गप्पीसाठी २२ ते २८ अंश तापमान अनुकूल असते. या मर्यादेत मादी सुमारे चार आठवड्यांनी पिले देते. पाणी १५ अंशांखाली गेल्यास मासे सुस्तावतात, खाद्य सोडतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडतात. गोल्डफिशला मात्र थंड पाणी मानवते. त्याच्यासाठी सहसा हीटरची गरज नसते.

म्हणून खरेदीपूर्वी एक आठवडा टाकीजवळ थर्मामीटर ठेवून पहाटेचे व दुपारचे तापमान वहीत नोंदवावे. हीटरची क्षमता ठरवताना बाहेरच्या हवामानापेक्षा ज्या खोलीत टाकी आहे तिथले सर्वांत थंड पहाटेचे तापमान महत्त्वाचे ठरते.

वॅटचा हिशेब

दुकानात सर्वसाधारणपणे 'लिटरला एक वॅट' असा ठोकताळा सांगितला जातो. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे, कारण टाकीतून बाहेर जाणारी उष्णता पाणी व खोली यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. ४५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशा टाकीत सुमारे ३० लिटर पाणी मावते. झाकण असलेल्या अशा टाकीतून दर अंश फरकामागे ढोबळमानाने ३ वॅट उष्णता निसटते. खोली १२ अंशांवर आणि पाणी २४ अंशांवर ठेवायचे असेल, तर फरक १२ अंशांचा होतो. त्यासाठी ३६ ते ४० वॅट पुरतात; म्हणजे ५० वॅटचा हीटर योग्य. खोली ९-१० अंशांपर्यंत उतरत असेल, तर ७५ वॅटचा घ्यावा.

झाकण नसल्यास हा हिशेब बिघडतो. दिवसभरात अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर त्यासोबत सरासरी १४ वॅट उष्णता सतत बाहेर पडत राहते. त्यामुळे हीटरआधी झाकण आणि मागच्या व खालच्या बाजूला थर्माकोलचा तक्ता बसवावा. हा खर्च एकदाच करावा लागतो; विजेची बचत दर हिवाळ्यात होते.

मोठा हीटर अधिक सुरक्षित नव्हे

'थोडा मोठाच घेऊ' हा विचार लहान टाकीत घातक ठरतो. स्वस्त हीटरमधील थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी असते. ती गरम होऊन वाकली की वीज खंडित होते. वारंवार चालू-बंद होताना संपर्कबिंदू कधीकधी वितळून एकमेकांना चिकटतात आणि हीटर बंदच होत नाही. अशा वेळी हीटरची क्षमताच माशांचे भवितव्य ठरवते.

वरच्या उदाहरणातील ३० लिटरच्या टाकीत ५० वॅटचा हीटर चिकटला आणि खोली १२ अंशांवर असली, तर पाणी २८-२९ अंशांच्या आसपास जाऊन स्थिरावते, मासे वाचतात. त्याच टाकीत २०० वॅटचा हीटर चिकटल्यास सुमारे तीन तासांत पाणी ३६ अंशांवर पोचते आणि पुढेही तापत राहते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तर माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. घरातील माणसे उठेपर्यंत सगळी टाकी गेलेली असते.

यासाठी नियम असा : सर्वांत थंड रात्र निभावून नेईल असा सर्वांत लहान हीटर निवडावा. ५० वॅटच्या एका हीटरऐवजी २५ वॅटचे दोन हीटर बसवणे त्याहून उत्तम. एक चिकटला तरी पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तरी दुसरा निम्मी ऊब टिकवतो.

आंघोळीचे पाणी तापवायचा रॉड टाकीत कधीही घालू नये. १५०० वॅटचा रॉड ३० लिटर पाणी दीड मिनिटाच्या आत एक अंशाने तापवतो. माशांसाठी तर तो मारक आहेच. हात घालणाऱ्या माणसासाठीही तो जीवघेणा ठरू शकतो.

खरेदी व मांडणी

पूर्ण बुडणारा, तापमान बदलता येणारा आणि पाण्याच्या किमान पातळीची खूण असलेला हीटर घ्यावा. हीटरवरील आकड्यावर विसंबू नये. टाकीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर लावावा. हीटर गाळणीच्या किंवा हवेच्या बुडबुड्यांच्या प्रवाहाजवळ, तळाच्या बाजूला तिरपा बसवावा. प्रवाह नसेल तर गरम पाणी वर साचते व तळ थंडच राहतो. शक्य असल्यास बाहेरचा इलेक्ट्रॉनिक तापमान नियंत्रक जोडावा. थर्मोस्टॅट चिकटला तरी तो वीज तोडतो.

हीटर पाण्यात बुडाल्यानंतरच वीज सुरू करावी. पाणी बदलताना वीज बंद करून १५ ते ३० मिनिटे थांबावे, अन्यथा तापलेली काच तडकते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. तार सॉकेटकडे जाण्यापूर्वी सॉकेटच्या पातळीखाली झोळ येईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्विच ही चैन नव्हे, गरज आहे.

वीज गेल्यास वरच्या उदाहरणातील टाकी सुरुवातीला तासाला सुमारे एक अंशाने थंड होते. त्यामुळे दोन-तीन तासांच्या खंडाने घाबरण्याचे कारण नाही. टाकीभोवती जाड चादर गुंडाळून खाद्य थांबवावे. ५० वॅटचा भार घरच्या इन्व्हर्टरला सहज पेलतो. हीटर दिवसाकाठी १२ तास चालला, तर रोज ०.६ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १८ युनिट वीज लागते.

थंडी ओसरली की हीटर काढून, पुसून ठेवावा. उन्हाळ्यात झाशीतील अडचण नेमकी उलटी असते. तेव्हा टाकीला सावली व वारा लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

संगोपन केंद्रातील मासे नदी, नाले किंवा नैसर्गिक तळ्यांत सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांचे अन्न व पिले बळकावतात. बंदिस्त हौद व टाक्यांपुरताच त्यांचा वापर ठेवावा. गावात एका घरी २०-२५ निरोगी गप्पींची एक उबदार टाकी हिवाळ्यात टिकली, तरी जूनमध्ये गावच्या हौदांसाठी मासे बाहेरून आणावे लागत नाहीत. त्यासाठी ५० वॅटचा हीटर, एक झाकण, एक थर्मामीटर आणि रोजची एक नोंद एवढे पुरेसे आहे.