नियम बदलला की ज्ञान किती उरते?

पत्त्यांचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित माणूस सहसा नाक मुरडतो. पोकरसारख्या जुगारी खेळाचे नाव काढले तर विचारावयासच नको. ही नापसंती अनाठायी नाही. तथापि पैसा बाजूला ठेवून या खेळाच्या रचनेकडे पाहिले, तर शिकणे म्हणजे नेमके काय, या शिक्षकांच्या नित्याच्या प्रश्नावर त्यातून बराच प्रकाश पडतो. त्यासाठी मात्र त्याच्या सर्वश्रुत प्रकाराकडून अल्पपरिचित प्रकारांकडे वळावे लागते.

आज पोकर म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’ असे समीकरण झाले आहे. प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात. मेजावर पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात आणि ती सर्वांची सामाईक असतात. या सातांतून उत्तम पाच पानांचा संच ज्याचा जमेल, त्याचा डाव. २००३ साली टेनेसीतील ख्रिस मनीमेकर या हिशेबनीसाने लास वेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा तिच्या मुख्य फेरीत ८३९ स्पर्धक होते. २००६ साली ती संख्या ८,७७३ झाली. दूरचित्रवाणीने हा एकच प्रकार घरोघरी पोहोचविला आणि त्याची भावंडे मागे पडली.

त्यांतील ‘ओमाहा’ प्रथम पाहू. येथे चार पाने मिळतात. परंतु संच करताना त्यांतील नेमकी दोन आणि मेजावरची नेमकी तीन घ्यावी लागतात. नियम एका वाक्याचा, पण जुन्या खेळाडूची सारी समज तो उलथून टाकतो. हाती चार एक्के आले की नवखा हरखून जातो. वस्तुतः त्यांतील दोनच कामाचे, आणि मेजावर आणखी एक्का येण्याची आशा संपलेली! मेजावर चार बदाम पडले आणि हाती बदामाचा एकटा एक्का असला, तर होल्डेममध्ये त्याचा फ्लश, म्हणजे आपल्या तीनपत्तीतला ‘कलर’, होतो. ओमाहात काहीच होत नाही. ‘ओमाहा आठ-किंवा-कमी’ या उपप्रकारात तर अर्धी रक्कम सर्वांत वरच्या संचाला आणि अर्धी सर्वांत खालच्या संचाला मिळते. खालच्या संचातील पाचही पाने निरनिराळी व अठ्ठीपर्यंतचीच हवीत. तशी कोणाचीच नसल्यास सारी रक्कम वरच्याला. एरवी फेकून द्यावयाच्या दुर्री-तिर्रीला येथे अकस्मात मान येतो.

सर्वांत बोधप्रद प्रकार मात्र ‘शॉर्ट डेक’ हा होय. दुर्रीपासून पंजीपर्यंतची पाने काढून टाकून ३६ पानांवर तो खेळतात. त्यात एक विलक्षण बदल आहे: नेहमीच्या पोकरमध्ये फुल हाउस, म्हणजे एका किमतीची तीन व दुसऱ्या किमतीची दोन पाने, फ्लशला हरवते; येथे फ्लश फुल हाउसला हरवतो. हा लहरीपणा नव्हे. ५२ पानांतून पाच पानांचे फ्लश ५,१०८ प्रकारे होतात आणि फुल हाउस ३,७४४ प्रकारे. ३६ पानांत एका रंगाची नऊच पाने उरत असल्याने फ्लश अवघे ४८० प्रकारे होतात आणि फुल हाउस १,७२८ प्रकारे. जे दुर्मिळ ते श्रेष्ठ, हे मूळ तत्त्व कायम राहिले. बदलला तो केवळ त्याचा निकाल. आपल्या तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला हरवतो आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला, याचेही कारण हेच. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे जुळतो व कलर १,०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्सच अधिक वेळा जुळतो.

ज्याने क्रम पाठ केला, तो नव्या प्रकारापुढे अडखळतो. ज्याने तो मोजून पाहिला, त्याला नवा क्रम कोणी सांगावा लागत नाही. आपल्या वर्गांतून याहून वेगळे काय घडते? पुस्तकातील उदाहरण अचूक सोडविणारा विद्यार्थी प्रश्नाची मांडणी बदलताच हतबल होतो, आणि आपण त्याला ‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता’ म्हणून दिलासा देतो.

असे प्रकार शिकावयाचे ते पाने उघडी ठेवून. प्रत्येकाने आपली दोन कोणती व मेजावरची तीन कोणती हे मोठ्याने सांगावे. एक नियम अंगवळणी पडल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये. आणि पणाला लावावेत ते चिंचोके. नव्या प्रकारात माणूस चुकतो ते त्याला कळतही नाही. आपला फ्लश झालाच, या भ्रमात तो रक्कम वाढवीत जातो. अशा अवस्थेत पैसा लावणे म्हणजे जाणत्याला शिकवणीची फी देऊन काहीही न शिकणे होय. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली संमत केला, तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न करता. त्या कायद्याविषयी मतभेद असोत. पण बुद्धीला मिळणाऱ्या व्यायामासाठी पैशाची गरज नाही, हे तरी मान्य व्हावयास हरकत नसावी.

ज्ञान आणि सवय या दोहोंचा चेहरा नित्याच्या व्यवहारात एकच दिसतो. नियम बदलतो तेव्हाच त्यांची ओळख पटते. ती परीक्षा आयुष्य केव्हातरी घेतेच. तत्पूर्वी ती चिंचोक्यांवर देऊन पाहिलेली बरी.