न पुसता येणारी प्रत

पेढीवरच्या जुन्या लाल वहीला एक शिस्त होती. तिची पाने शिवलेली असत. चुकलेली नोंद खरवडून काढली जात नसे; तिच्या खाली दुरुस्तीची दुसरी नोंद घातली जाई. चूकही दिसे आणि दुरुस्तीही दिसे. म्हणूनच त्या वहीच्या शब्दाला बाजारात वजन होते आणि दीपावलीस तिचे पूजन होत असे.

आज रोजकीर्द, खतावणी, उधारीच्या याद्या, मालाचा साठा आणि जीएसटीची विवरणे संगणकात आली आहेत. सोय वाढली, परंतु वहीचा तो गुण मागे राहिला. संगणकातील नोंद क्षणात बदलता येते, क्षणात पुसताही येते. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्या हाती पेढी, अशी अवस्था आहे. रॅन्समवेअरचा हल्ला नेमका याच उणिवेवर उभा असतो.

रॅन्समवेअर हा खंडणीसाठी रचलेला संगणकीय घातपात होय. फसव्या ईमेलमधून किंवा कमकुवत पासवर्डमधून चोर आत शिरतो, सर्व फायलींना गुप्त कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. ‘आम्ही रोज बॅकअप घेतो’ हे अनेक पेढ्यांचे उत्तर असते. ते पुरेसे नाही. संगणकाला रात्रंदिवस जोडून ठेवलेली हार्डडिस्क मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये चांगल्या फायलींच्या जागी बिघडलेल्या फायली जाऊन बसतात. सराईत चोर तर आधी बॅकअप शोधून नष्ट करतो. कारण बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोण देणार?

प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्या की काय होते, हे जून २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘नोटपेट्या’ नावाचा हल्ला वरकरणी खंडणीचा होता, प्रत्यक्षात तो निव्वळ विध्वंस होता. डेन्मार्कची जहाजवाहतूक कंपनी मर्स्क त्यात ठप्प झाली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही त्याची झळ पोहोचली आणि माल अडकून पडला. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरांच्या घरात जाईल, असा अंदाज कंपनीनेच जाहीर केला. कंपनीच्या जाळ्याचा कणा असलेले सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे ते एकाच वेळी पुसले गेले. घानामधील एकच सर्व्हर वाचला, कारण त्या वेळी तेथे वीज नव्हती! त्या एका प्रतीवरून पुढे जाळ्याची पुनर्बांधणी झाली. एवढी मोठी कंपनी वाचली ती योगायोगाने. पेढीला योगायोगावर विसंबता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे अपरिवर्तनीय साठवण. येथे बॅकअप ठेवताना त्याची मुदत ठरवली जाते. त्या मुदतीत प्रत हवी तेव्हा वाचता येते. बदलता किंवा पुसता येत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत ही सोय ‘ऑब्जेक्ट लॉक’ या नावाने २०१८ पासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर सेवेतही तशी व्यवस्था आहे. ऑब्जेक्ट लॉकचे दोन प्रकार आहेत. ‘गव्हर्नन्स’ प्रकारात विशेष अधिकार असलेली व्यक्ती कुलूप काढू शकते. ‘कम्प्लायन्स’ प्रकारात खात्याचा मुख्य मालकही मुदतीपूर्वी प्रत पुसू शकत नाही. मालकाला जे करता येत नाही, ते मालकाचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही करता येत नाही. सेवा देणाऱ्यास पहिला प्रश्न विचारावा तो हाच: आपले कुलूप कोणत्या प्रकारचे आहे?

मुदत विचारपूर्वक ठरवावी. चोर कित्येकदा आठवडेच्या आठवडे आत दबा धरून असतो. म्हणून रोजच्या प्रतीला निदान ३० दिवसांचे कुलूप असावे. वर्षअखेरीची प्रत वेगळी ठेवावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, तर कंपनी कायद्यानुसार ८ आर्थिक वर्षे जपावे लागतात. मात्र एकदा कुलूप लागले की चुकीची प्रतही मुदतभर राहते आणि तिचे भाडेही भरावे लागते, हे ध्यानात असावे.

कुलूप प्रत पुसू देत नाही. परंतु ती चोरून वाचण्यापासून वाचवत नाही. म्हणून प्रत सांकेतिक रूपातच ठेवावी आणि तिची किल्ली कागदावर लिहून लॉकरमध्ये जपावी. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांवाचून उघडत नाही. त्याच न्यायाने रोज बॅकअप घेणारा आणि क्लाउड खात्याचा अधिकार सांभाळणारा, हे हात वेगळे असावेत. लहान दुकानदाराने दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि काम संपताच त्या काढून एक घरी, एक लॉकरमध्ये ठेवावी. दर तिमाहीस प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तेरीज जुळते का, हे पाहावे. न तपासलेला बॅकअप हा केवळ समज असतो.

तरीही हल्ला झालाच, तर संगणक तत्काळ जाळ्यातून वेगळा करावा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. खंडणी देऊनही फायली परत मिळतीलच असे नाही. शिवाय तो पैसा पुढच्या पेढीवरील घाल्याचे भांडवल होतो. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार करणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. अडल्या वेळी नकार देण्याचे बळ मात्र आधी जपून ठेवलेल्या प्रतीतूनच येते.