आयातकर आणि आरोग्यखर्च

सीमेवर बसविलेला कर अखेर कोणाच्या खिशातून जातो, हा व्यापाऱ्यांस जुना परिचित प्रश्न होय. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने त्यास नवे रूप दिले. परदेशांतून येणाऱ्या वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के आरोग्य उपकर बसवावा व त्याचे उत्पन्न मागास जिल्ह्यांतील रुग्णालयांच्या उभारणीस लावावे, असे ठरले.

यावर आम्हां व्यापाऱ्यांतही दोन मते संभवतात. एक पक्ष म्हणतो, देशी कारखान्यांस संरक्षण मिळेल आणि जेथे रुग्णालय नाही तेथे ते उभे राहील. दुसरा विचारतो, १ लाख रुपयांच्या उपकरणावर ५ हजार अधिक पडले, तर ते आयातदार सोसणार की रुग्ण? मनाशी प्रामाणिक राहिल्यास उत्तर एकच : बहुधा रुग्ण.

हेतू आम्हांस मान्य आहे. मार्गाविषयी शंका आहे. राज्यघटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय. परंतु केंद्राच्या उपकरात राज्यांस वाटा नसतो. शिवाय देशी माल वाढून आयात घटली, की उत्पन्नही घटणार. म्हणजे संरक्षण सफल झाले, तर रुग्णालयांचा निधी आटणार!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे योजिले होते. एवढा भार सर्वसाधारण महसुलानेच उचलावा. कर देण्यास आम्ही मागे नाही. तो धडधाकट माणसाच्या मिळकतीतून घ्यावा, आजाऱ्याच्या उशापासून नव्हे, इतकेच आमचे म्हणणे.